मे महिन्यात माकडटोपी

पहाटे पाचला निघावं असं सगळेच सांगतात. डॉक्टर सांगतात, हवामान खात्याची पत्रकं सांगतात, लडाख करून आलेली पोरं तर दम देऊन सांगतात. ऊन तापायच्या आत अर्धा पल्ला गाठावा, बारा ते चार कुठल्या तरी झाडाखाली पडून राहावं, उन्हं कलली की परत फिरावं. यात खोट काढायला जागा नाही. फक्त एका प्रश्नाचं उत्तर कोणी देत नाही: पहाटे पाचला बघायला असतं कोण?

आमच्या सोसायटीत त्या वेळी वॉचमन झोपलेला असतो आणि दूधवाला घाईत असतो. खांद्याला आणि कोपराला कठीण पॅड असलेलं जॅकेट, गुडघ्यांचे गार्ड, नडगीपर्यंतचे बूट, बोटांच्या सांध्यांवर उंचवटे असलेले हातमोजे, एवढा साज चढवून मी अंधारात जिना उतरायचा आणि अंधारातच निघून जायचं? त्यापेक्षा घरात बसलेलं काय वाईट? राइडरचा खरा मुहूर्त सकाळी नऊचा. तेव्हा भाजी घेऊन आलेल्या बायका गेटपाशी बोलत असतात, कमिटीचं टँकरवरून वाजत असतं, शाळा नसलेली पोरं पार्किंगमध्ये क्रिकेट खेळत असतात. मी उतरतो. लगेच निघत नाही. गाडीभोवती एक फेरी मारतो, टायरला बुटाच्या टोकाने दोनदा टोचतो. टायरमधली हवा अशी बघत नाहीत, हे मला ठाऊक आहे. ती सकाळी टायर गार असताना गेज लावून बघायची असते, आणि वाटेत टायर तापून हवा वाढलेली दिसली तर घाबरून सोडायची नसते. पण गेज लावायला खाली बसावं लागतं, आणि त्या पँटमध्ये खाली बसलेला पन्नाशीचा माणूस उठताना शेजाऱ्याचा हात शोधतो. प्रेक्षकांसमोर ते शोभत नाही.

जॅकेट काळं आहे. दुकानात उन्हाळ्यासाठी केलेलं फिकट राखाडी, जाळीदारही होतं. विकणारा मुलगा सचोटीचा होता. "सर, काळा रंग ऊन ओढतो," म्हणाला. मी आरशात पाहिलं. काळा रंग ऊन ओढतो हे खरंच, पण तो पोटही आत ओढतो. निर्णय तिथेच झाला.

हेल्मेटच्या आत घालायचं एक पातळ कापड मिळतं. घाम टिपतं, अस्तर खराब होऊ देत नाही, मानेला ऊन लागू देत नाही. दुकानात त्याला बालाक्लाव्हा म्हणतात. बायकोने ते दोन बोटांत धरून उजेडात नेलं आणि विचारलं, "अहो, मे महिन्यात माकडटोपी?" पाठीवर पाण्याची पिशवी आणि तिच्यातून तोंडापर्यंत येणारी नळी, असं आणखी एक यंत्र आहे, थांबावं न लागता घोट घोट पाणी ओढता येतं. ते बांधून मी पहिल्यांदा खाली उतरलो, तेव्हा तळमजल्यावरच्या आजी खरोखर हळहळल्या. "सलाईन लावून कशाला निघालात? बरं वाटेपर्यंत पडून राहा की दोन दिवस."

बायकोकडे स्कूटर आहे. ती विम्याचं काम करते आणि दहिसर, बोरिवली, मीरा रोड अशी वणवण दुपारी दोन-अडीचलाच करते, कारण गिऱ्हाईक त्याच वेळी घरी सापडतं आणि झोपेत असल्यामुळे लवकर हो म्हणतं. तिचं माहेर निफाड तालुक्यातलं. त्या बाजूच्या बायका उन्हात जो पांढरा सुती सनकोट घालून गाडी चालवतात, तो तिच्या अंगात असतो. तोंडाला स्कार्फ, डोळे तेवढे उघडे. डिकीत पाण्याची बाटली आणि मीठ-साखरेची पुडी. सैल, सुती, पांढरं, मनगटापर्यंत झाकणारं: उन्हाचं सगळं शास्त्र त्या कोटात बसतं आणि त्याची किंमत माझ्या जॅकेटच्या एका चेनएवढी असेल. पडलं तर सनकोट रस्त्यावर टिकणार नाही, हा माझा एकमेव मुद्दा. तो मी अधूनमधून मांडतो.

दहिसरच्या माणसाला राइडच्या बाबतीत एक जन्मजात माज असतो. रविवारी सकाळी वांद्र्याकडच्या गाड्या घोळक्याने चेकनाक्याला येतात तोवर त्यांनी वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेचे पंचवीसेक किलोमीटर खाल्लेले असतात, आणि मी मात्र नुकता दात घासून आलेला असतो. एरवी पाहुण्यांना "दहिसर? म्हणजे विरारच्या अलीकडे ना?" असं विचारायची हौस असते. नाक्यावर त्याची परतफेड होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवरचा छोट्या गाड्यांचा टोल गेला. दुचाकीला तो कधीच नव्हता, पण त्या रांगेत उभं राहायचं पुण्य आम्हालाही लागायचं. टोल गेला, रांगेने मात्र अजून मुक्काम हलवलेला नाही.

सल्ल्यांना तोटा नाही. सोसायटीच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात तोच निरोप फिरतो: टाकी काठोकाठ भरू नका, स्फोट होईल. खुद्द इंडियन ऑइलने ही अफवा असल्याचं जाहीर करून झालं, तरी निरोप तब्येतीने ठणठणीत आहे. दुसरे म्हणतात, उन्हात हेल्मेट घातलं की डोकं शिजतं. म्हणून ते हेल्मेट कोपरात अडकवतात. त्यामुळे आमच्या भागात सर्वांत सुरक्षित अवयव कोपर आहे. आजींचा सल्ला खिशात कांदा ठेवायचा. जॅकेटच्या पाठीत एक कप्पा आहे, मणक्याचं पॅड बसवायला. तिथे मी एकदा श्रद्धेने कांदा ठेवला, तर लासलगावच्या बाजारात लहानाची मोठी झालेली बायको म्हणाली, "कांदा खायचा असतो. पाठीला कशाला लावताय, फोडणी द्यायची आहे का?"

खरं शिकवलं ते अकोल्याच्या मावसभावाने. मेमध्ये तो आला, नाक्यावर टी-शर्ट-चड्डीत गाड्या उडवणारी पोरं बघून थक्क झाला. "काहून बे, उन्हात असं उघडं फिरतेत का?" त्याच्याकडे चव्वेचाळीस अंशांत माणूस दुपट्ट्याने डोकं-कान-तोंड गुंडाळून, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच घराबाहेर पडतो. कारण साधं आहे. आपली कातडी साधारण पस्तीस अंशांची. हवा त्याहून तापली की वारा गार करत नाही, भाजतो. मग जेवढं उघडं अंग तेवढा ताप आत. अशा वेळी अंग झाकायचं आणि आतलं कापड ओलं ठेवायचं. वाळ्याच्या ताट्यांवर पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळा काढलेल्या माणसाला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही.

त्याच्या नादाने मी पाण्यात भिजवून घालायची बंडी आणली. अकोल्यात ती म्हणे स्वर्ग दाखवते. मुंबईत तिने मला फक्त सर्दी दाखवली. इथे हवेतच इतकी वाफ भरलेली की ओल्या कापडाचं पाणी जायला जागाच नसते. एक लिटर घाम वाळला तर अंगातली साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण आधी तो वाळायला हवा. मुंबईत घाम ओघळतो, बनियनमधून पँटच्या पट्ट्यात आणि तिथून बुटात जातो, आणि ओघळलेला घाम काडीचाही गारवा देत नाही. म्हणून अकोल्याच्या चव्वेचाळिसात ओलं फडकं जेवढं गार होतं तेवढं दहिसरच्या चौतिसात होत नाही. हवामान खात्यालाही हे मान्य असावं. किनाऱ्यावर पारा ३७ ला पोचला आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेला की ते उष्णतेची लाट म्हणायला तयार होतं. मैदानी मुलखात त्यासाठी चाळीस लागतात. मावसभावाला मी हे आकड्यांसकट ऐकवलं. तो म्हणाला, "म्हनजे तुमचं ऊनही मुंबईचं. दिसाले कमी अन् लागाले महाग."

माझी गाडी साडेतीनशे सीसीची, हवेने थंड होणारी. मी पाण्याने थंड होणारा. अट दोघांचीही एकच, चालत राहिलं पाहिजे. पळत्या गाडीवर मुंबईतही घाम वाळतो, बंडीसुद्धा थोडं काम करते. उभ्या गाडीवर दोघेही धुमसतो.

पाण्याचं शास्त्र वेगळं. नुसतं पाणी ढोसून भागत नाही, घामातून मीठही जातं. जलसंजीवनी म्हणजे ओआरएस. त्याच्या एका लिटरमध्ये फक्त साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि सगळे क्षार धरून ऐवज साडेवीस ग्रॅमचा. घरी करायचं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, कॉलऱ्याची साथ पसरली आणि सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून पाजून माणसं वाचवली. त्यांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. आणि दरम्यानच्या काळात दुकानांतून गोड सरबतं ओआरएसचं नाव लावून खोक्यात विकली जात होती. ते नाव लावायला बंदी झाली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये. लिटरमागे साडेतेरा ग्रॅम हा आकडा मी पाठ केला आहे, कारण उसाच्या रसात साखर त्याच्या साधारण दहापट असते आणि मी रसवंती दिसली की थांबतो. तहान भागवायला रस हा चुकीचा उपाय आहे, हे मी रस पिता पिताच इतरांना समजावतो.

आता रसवंतीचा विषय निघालाच आहे, तर घाई करून चालणार नाही. हायवेवरच्या कुठल्याही रसवंतीपाशी थांबून पाटी वाचा. कानिफनाथ रसवंती गृह. पुढच्या गावी गेलात तरी कानिफनाथ. तिथून नाशिक, सोलापूर, कुठेही जा. कानिफनाथ नसलं तर नवनाथ. परदेशातल्या माणसाला वाटेल की ही महाराष्ट्रातली फार मोठी कंपनी आहे आणि श्री. कानिफनाथ तिचे अध्यक्ष असावेत. कंपनी नाही. या धंद्यातली कितीतरी कुटुंबं पुरंदर तालुक्यातली आणि पुरंदरात बोपगावला कानिफनाथांचा गड. दुष्काळी भागातली माणसं उन्हाळ्यात चरक घेऊन बाहेर पडली आणि देवाला पाटीवर बसवून बरोबर घेऊन गेली.

त्या गडावर मी जाऊन आलो आहे. गाभाऱ्यात शिरायला दार नाही, जेमतेम फूटभराचं भोक आहे. पुरुषांनी शर्ट आणि पट्टा काढायचा आणि सरपटत आत जायचं. मी अर्थातच पूर्ण वेशात गेलो होतो. जॅकेट, आतली बंडी, पाठीचं पॅड, नळीची पिशवी असं एकेक उतरवत होतो आणि मागची रांग शांतपणे बघत होती. काळ्या रंगाने इतके दिवस आत ओढून धरलेलं सगळं बाहेर आलं. पुढचा सडपातळ म्हातारा एका दमात आत गेला. मी भोकाकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, आणि बाहेरूनच भक्तिभावाने हात जोडले. "जाईल, जाईल, श्वास सोडा," असं मागून कोणीतरी म्हणालं, पण इतक्या दुरून आलेल्या माणसाला अडकलेलं बघण्याची त्याची इच्छा माझ्या लक्षात आली होती.

रसवंतीच्या चरकाला घुंगरं असतात. पूर्वी चरक बैल फिरवायचे, त्यांच्या गळ्यात घुंगरं असायची. बैल गेले, मोटर आली, घुंगरं तेवढी राहिली असं रसवंतीवाले सांगतात. ती लय ऐकून माझा हात आपोआप ब्रेकवर जातो. रस काढणाऱ्याचं काम बघत राहावं. ऊस एकदा घालतो, चोयट्या निघतात, त्यांची दुमड करून पोटात आल्याचा तुकडा आणि अर्धं लिंबू ठेवून पुन्हा घालतो. शेवटच्या घासाला चरक कण्हतो. मग गाळणीतून जगमध्ये, जगमधून ग्लासात, तेही उंचावरून, म्हणजे फेस यावा. इथे बर्फाचा प्रश्न येतो. बर्फ कुठल्या पाण्याचा, हा विचार शहाण्याने करावा आणि "बिनबर्फ" म्हणावं. मी मोठ्याने म्हणतो, म्हणजे बाकीच्यांना कळावं की हा प्रवासातला जाणता माणूस आहे. पण बिनबर्फाचा रस कोमट लागतो. मग मी हळूच खूण करतो, तो एक खडा टाकतो. आमच्यातला हा व्यवहार बायकोला ठाऊक आहे, हे मला ठाऊक नसल्याचं आम्ही दोघे धरून चालतो. ग्लास संपत आला की न मागता जगमधला उरलेला रस वरून घालतो. दुनियेत दुसरा कुठला दुकानदार मोजून दिल्यावर पुन्हा घालतो, सांगा.

डॉक्टरांकडून उष्माघाताची लक्षणं मी लिहून आणली आणि घरी वाचून दाखवली. चिडचिड होते, माणूस असंबद्ध बोलतो, साधे निर्णय चुकतात, आपल्याला काही झालं आहे हे त्याला स्वतःला पटत नाही. बायको म्हणाली, "मग तुम्हाला लग्नाआधीपासूनच आहे."

वज्रेश्वरीची ओटी भरायची राहिली होती. मे महिन्यात गरम पाण्याच्या कुंडांच्या गावी जायचं, हा बेत ऐकून मित्र हसले. मी इतिहास सांगितला. चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती १७३९ च्या मे महिन्यातच, आणि वज्रेश्वरीचं देऊळ त्याच मोहिमेच्या नवसाचं असं सांगतात. त्या फौजेकडे जाळीदार जॅकेटं नव्हती. बायको म्हणाली, फौज नऊ वाजेपर्यंत शेजाऱ्यांची वाट बघत थांबली नसेल.

आम्ही निघालो. अंतर म्हणाल तर फार नाही: काशीमिरा, वर्सोवा पूल, शिरसाड फाटा, उजवीकडे पारोळ-उसगाव. पण आमच्याकडे लाँग राइड किलोमीटरवर ठरत नाही. घोडबंदरपासून तलासरीपर्यंतच्या १२१ किलोमीटरवर काँक्रीटचा थर द्यायचं काम २०२४ मध्ये निघालं होतं. एका बाजूचा रस्ता बंद, दुसऱ्या बाजूला गुजरातचे कंटेनर आणि आम्ही. वर्सोवा पुलाच्या अलीकडे गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. डावीकडे ट्रकचा धूर, खाली इंजिन, वर ऊन, खाडीवरून येणारी दमट वाफ. माझी नळी चालू होती. घोट घेत मी मागे ओरडून वसईच्या वेढ्याची माहिती देत होतो. पूल ओलांडून ससूनवघर मागे पडलं आणि माझ्या हेल्मेटवर दोन टकटक झाल्या.

"अहो, थांबवा. आत्ता. मळमळतंय, आणि एवढ्या उन्हात अंगावर काटा येतोय."

रस्त्याच्या कडेला ताडगोळे विकणारी एक बाई बसली होती, काठ्यांवर गोणपाट टाकून. तिने बायकोकडे एकदा पाहिलं, मला बाजूला केलं. "बाय, बूट काढ आधी. ते डोस्क्यावरचं काढ." डोक्यावरचं म्हणजे हेल्मेट. जून २०२२ मध्ये मुंबईत मागे बसणाऱ्यालाही हेल्मेटची सक्ती झाली, तेव्हा सिग्नलपाशी फूटपाथवर घेतलेलं. टोपली म्हणावी असं, आत थर्माकोल, वाऱ्याला छिद्र नाही, पोलिसाला दाखवण्यापुरतं हेल्मेट. माझं छिद्रांचं, आयएसआय शिक्क्याचं, काच वर-खाली होणारं.

बाईने स्कार्फ भिजवून मानेवर आणि काखेत दाबला. बायकोने स्वतःच आपली पुडी पाण्यात कालवली, घोट घोट घेत राहिली. ताडगोळा सोलून हातावर आला: दुधी, थरथरता, आत पाण्याचा एक थेंब साठलेला, साल नखाने ओढली की बोटाला चिकटणारी. तो तिने खाल्ला, मग दुसरा. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर रंग आला. मी बूट न काढता उभा होतो. बोलायला काही सुचत नव्हतं, वसईचा वेढा तर मुळीच नाही.

मग ती बोलली, अगदी कामाच्या आवाजात, गिऱ्हाइकाला पॉलिसी समजावते त्या. "मागच्या सीटवर वारा येतच नाही. सगळा तुम्ही अडवता, आणि तुम्ही काही थोडके नाही. सायलेन्सर माझ्या पायापाशी. पाणी तुमच्या तोंडापाशी. कुठे थांबायचं ते तुम्ही ठरवणार. आणि ऐका, नुसता थर्ड पार्टी विमा असेल ना, तर मागे बसणारा त्यात धरतच नाहीत. २००६ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. कोणाच्याच हिशेबात नसते हो मागची."

मला त्या वेळी खारघर आठवलं. १६ एप्रिल २०२३, महाराष्ट्र भूषणचा सोहळा. उष्माघाताने चौदा माणसं गेली. ती काही उन्हात पळत नव्हती, चालतही नव्हती. सकाळपासून नुसती बसली होती. व्यासपीठावर छप्पर होतं, मैदानात नव्हतं. आकडा तेव्हा ३८ च्या आसपासचा छापून आला होता, म्हणजे अकोल्याच्या माणसाने कोट काढावा इतकाच. ज्यांना उठून सावलीत जाता आलं असतं ते सावलीतच बसले होते, आणि कार्यक्रम किती वेळ चालवायचा हेही त्यांच्याच हातात होतं. याचा संताप मला तेव्हाही आला होता. ससूनवघरला तो परत आला, आणि या वेळी त्याला नेमकं कोणाकडे वळवावं हे मात्र जरा अडचणीचं झालं, कारण पाण्याची नळी माझ्याच तोंडात होती.

चार वाजेपर्यंत आम्ही त्या गोणपाटाखाली बसून होतो. बाई आम्हाला ताडगोळे सोलायला शिकवत होती आणि माझे बूट बघून विचारत होती, पावसाळ्यात शेतात चालतील का. उन्हं कलल्यावर निघालो, ओटी भरली. आणि ज्या बाईला दुपारी ऊन लागलं होतं, ती संध्याकाळी अकलोलीच्या कुंडात, जिथे मी बोट घालून हात झटकला, तिथे पाय सोडून बसली. "किती बरं वाटतंय!" या प्रकाराला डॉक्टरांच्या यादीत काही उत्तर नव्हतं.

तिच्यासाठी हेल्मेट घ्यायला आम्ही त्याच दुकानात गेलो. सचोटीचा मुलगा म्हणाला, लेडीजमध्ये गुलाबी आहे. तिने पांढरं मागितलं, छिद्रांचं, शिक्का उलटवून बघितला, हनुवटीचा पट्टा लावून मान झटकली, हेल्मेट हललं नाही तेव्हा पाकीट काढलं. जाळीचं फिकट राखाडी जॅकेट अजून तिथे टांगलेलं होतं. तेही घेतलं. त्यावर सनकोट चढवायचा की खाली, यावर आमची चर्चा अजून चालू आहे. माझा मुद्दा, सनकोट पडल्यावर टिकत नाही, हा तिने जॅकेट घेऊन निकालात काढल्यामुळे माझ्याकडे आता दुसरा मुद्दा नाही.

त्यानंतर वज्रेश्वरीला गेलो ते तिच्या स्कूटरवरून. ती पुढे. मी मागे, डोक्याला बसत नसलेली ती फूटपाथवरची टोपली मिरवत नाही, एवढंच समाधान. माझं हेल्मेट माझ्याकडेच आहे. निघताना पार्किंगमधली पोरं क्रिकेट थांबवून बघत होती. "काका, आज मागे?" एकाने विचारलं. मी म्हटलं, गाडी सर्व्हिसिंगला आहे. गाडी त्याच्या पाठीमागेच उभी होती.

मागच्या सीटवर खरंच वारा येत नाही. ती माझ्यापेक्षा पुष्कळ बारीक असूनही येत नाही. पाण्याची पिशवी पाठीवर घेतली तर नळी पुढे पोचेना, म्हणून मी ती उलटी, पोटावर बांधली आणि नळी तिच्या खांद्यावरून पुढे दिली. वर्सोवा पुलाच्या अलीकडे गाड्या थांबल्या. तिने काच वर केली, नळी तोंडात धरली, दोनदा ओढली आणि मान न वळवता म्हणाली, "अहो, पिशवी दाबा जरा. पाणी येत नाहीये."